आधी वस्ताद पाहा, मग तालीम निवडा

शाळेत क्रीडादिन झाला की दुसऱ्या दिवशी दोन-तीन माता तरी गेटवर थांबलेल्या असतात. प्रश्न ठरलेला असतो. "टीचर, आमची बच्ची दिवसभर घरात कोलांट्या मारते, भिंतीला पाय लावून उलटी उभी राहते. तिला जिम्नॅस्टिक्सला घालायचे म्हणते आहे. कुठे घालू?" कधी एखादे अब्बा मुलाला घेऊन येतात आणि थेट विचारतात, "स्पर्धेला उतरवणारा क्लास कोणता?"

शनिवार-रविवार तासभर उड्या मारायला नेणारा क्लास निवडणे सोपे आहे. घराजवळ असावा, स्वच्छ असावा, फी परवडावी, एवढे पुरते. स्पर्धेची तयारी करून घेणारे केंद्र निवडणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तिथे मूल आठवड्यातून पाच-सहा दिवस जाणार, अनेक वर्षे जाणार, आणि आपल्यापेक्षा जास्त वेळ एका परक्या माणसाच्या शब्दात राहणार. म्हणून पदके आणि भिंतीवरचे फोटो पाहण्याआधी काय पाहावे, ते आज सविस्तर बोलू या.

एक शब्द, दोन अर्थ

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. तालीम हा शब्द दोन्हींकडे आहे. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे आखाडा, आणि सरावही. उर्दूतला उस्ताद मराठीच्या आखाड्यात येऊन वस्ताद झाला. जिम्नॅस्टिक्सचे चांगले केंद्र ओळखायला हे दोन शब्द पुरेसे आहेत. तिथे सराव हवा आणि शिक्षणही हवे. शिकवणारा वस्ताद हवा आणि उस्तादही हवा. नुसता सराव करून घेणारा माणूस मुलाच्या शरीराकडे साधन म्हणून पाहू लागतो. शिकवणारा माणूस मुलाकडे मूल म्हणून पाहतो.

खेळ एक, प्रकार अनेक

"जिम्नॅस्टिक्स" असा फलक असला तरी आत काय शिकवतात ते आधी विचारा. आर्टिस्टिक प्रकारात मुलींसाठी चार साधने असतात: व्हॉल्ट, अनइव्हन बार, बीम आणि फ्लोअर. मुलांसाठी सहा असतात: फ्लोअर, पॉमेल हॉर्स, रिंग्ज, व्हॉल्ट, पॅरलल बार आणि हॉरिझॉन्टल बार. ऱ्हिदमिकमध्ये मुली चेंडू, रिंग, क्लब, रिबन घेऊन संगीतावर रचना करतात. याशिवाय ट्रॅम्पोलिन, एरोबिक आणि अॅक्रोबॅटिक हे प्रकार आहेत. आपल्या महाराष्ट्राचा मल्लखांब हा वेगळा खेळ आहे. पण लवचीकपणा, पकड आणि धीर तोही शिकवतो, आणि अनेक व्यायामशाळांत तो कमी खर्चात शिकता येतो. गावात जिम्नॅस्टिक्सचे धड केंद्र नसेल, तर अर्धवट साधनांच्या क्लासपेक्षा चांगला मल्लखांब कधीही बरा.

वयाची घाई अनेकांना असते. सहा-सातव्या वर्षी सुरुवात होते, हे खरे. पण पाचव्या वर्षी नाव घातले नाही तर गाडी चुकली, असे नाही. १९७६ साली माँट्रियल ऑलिंपिकमध्ये नादिया कोमानेचीने पूर्ण दहा गुण मिळवले तेव्हा ती १४ वर्षांची होती. आज तिला त्या वयात ऑलिंपिकमध्ये उतरताच आले नसते. कोवळ्या मुलींवर पडणारा ताण पाहून आंतरराष्ट्रीय महासंघाने वयाची अट वाढवत नेली, आणि १९९७ पासून वरिष्ठ गटासाठी मुलीला त्या वर्षात १६ पूर्ण व्हावी लागतात. मुलांसाठी ही अट १८ वर्षांची आहे. उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना तर १९९२ पासून आठ ऑलिंपिक खेळली आणि टोकियोत उतरली तेव्हा ४६ वर्षांची होती. म्हणून "आत्ताच वेग घेतला नाही तर संपले" असे कोणी सांगू लागले, की समजावे, त्याला मुलाची नव्हे, स्वतःच्या पदकांची घाई आहे.

एक तास नुसते बसून पाहा

नाव नोंदवण्याआधी सरावाच्या वेळी जा आणि तासभर शांत बसा. आत बसून पाहू देत नसतील, तर तिथूनच परत या. "पालक असले की मुलांचे लक्ष उडते" हे कारण काही अंशी खरे असते. त्यावर उपाय आहेत. काचेची खिडकी असते, गॅलरी असते, आठवड्यातला एखादा ठरलेला दिवस असतो. पण सरावाची जागा आई-वडिलांच्या नजरेपासून कायमची बंद असावी, याला कोणतेही कारण पुरेसे नाही.

बसल्यावर काय पाहायचे? पहिली गोष्ट, मुले पडायला शिकतात का. चांगला प्रशिक्षक पहिले काही आठवडे पडणे शिकवतो: हात कसे ठेवावेत, मान कशी वाचवावी, अंग कसे गोल करावे. दुसरी गोष्ट, गाद्या. त्या फाटलेल्या आहेत का, दोन गाद्यांमध्ये फट पडते का, बारखाली आणि बीमखाली पुरेशा आहेत का. बीम फक्त १० सेंटिमीटर रुंद असते आणि स्पर्धेत जमिनीपासून सव्वा मीटर उंच असते. लहान मुलांना आधी जमिनीवर आखलेल्या रेषेवर, मग जमिनीलगतच्या बीमवर आणि मग वर नेतात. पहिल्याच महिन्यात उंच बीमवर उभे केलेले मूल फोटोत छान दिसते, पण तिथे घाई चालते हे त्या फोटोतूनच कळते.

तिसरी गोष्ट, एका प्रशिक्षकामागे किती मुले आहेत ते मोजा. सहा-सात वर्षांची वीस-पंचवीस मुले एकाच्या हाती असतील, तर उलटी उडी मारणाऱ्या मुलाला आधार द्यायला हात कुठून येणार? चौथी गोष्ट, आवाज ऐका. मूल चुकले की काय बोलले जाते? घाबरून थांबलेल्या मुलीची टर उडवतात, की तिला एक पायरी खाली आणून पुन्हा सुरू करतात? स्प्लिट बसवताना रडणाऱ्या मुलाच्या खांद्यावर कोणी दाबून बसत असेल, तर ते प्रशिक्षण नव्हे. ताण रोज थोडा थोडा वाढवायचा असतो. दाबून फाटलेला स्नायू महिनोन्महिने छळतो.

वस्तादाची चौकशी

प्रशिक्षकाचे शिक्षण विचारण्यात संकोच नको. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे एनआयएसचा, प्रशिक्षक पदविका अभ्यासक्रम आपल्याकडे मान्यतेचा समजला जातो. तिथलाच सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही असतो. दोन्हींत फरक आहे, म्हणून नेमके कोणते ते विचारा. प्रथमोपचार कोणाला येतात, जवळचे हाडांचे रुग्णालय कोणते, मूल पडले तर आधी कोणाला फोन जातो, याची उत्तरे तिथल्या तिथे मिळाली पाहिजेत.

मग जुन्या मुलांची चौकशी करा. पदक मिळवलेल्यांची नावे केंद्र स्वतःच सांगेल. तुम्ही सोडून गेलेल्यांच्या घरी जा. ती का गेली? शाळा वाढली म्हणून, दुखापत झाली म्हणून, की भीतीने? दहा-बारा वर्षांची झाली की मुली एकापाठोपाठ एक का गळतात? या उत्तरांतून जे कळते ते माहितीपत्रकात छापलेले नसते.

दीपा कर्माकरचे उदाहरण इथे आठवते. आगरतळ्याची ही मुलगी. तिचे तळपाय सपाट होते, आणि या खेळात तो मोठा अडथळा मानतात. आगरतळा काही जिम्नॅस्टिक्सचे मोठे शहर नव्हते, साधनेही जगातल्या मोठ्या केंद्रांसारखी नव्हती. प्रशिक्षक विश्वेश्वर नंदी मात्र लहानपणापासून तिच्याबरोबर राहिले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टच्या अंतिम फेरीत ती १५.०६६ गुणांसह चौथी आली. कांस्यपदक फक्त ०.१५० गुणांनी हुकले. २०२४ मध्ये ताश्कंदला, तिशी ओलांडलेल्या दीपाने आशियाई स्पर्धेत व्हॉल्टचे सुवर्ण जिंकले. चकचकीत हॉलपेक्षा वर्षानुवर्षे एका मुलीला समजून घेणारा प्रशिक्षक किती मोलाचा असतो, हे यातून दिसते.

स्पर्शाचा प्रश्न

आता ज्या गोष्टीवर घरात बोलायला आपण कचरतो, ती बोलू. जिम्नॅस्टिक्समध्ये प्रशिक्षकाचा हात मुलाला लागतोच. उडी मारताना पाठीला, कमरेला, मांडीला आधार दिला नाही तर मूल मानेवर पडेल. म्हणून "कोणी हात लावला की ओरड" एवढे सांगून भागत नाही. मुलाला फरक शिकवावा लागतो. आधाराचा हात उडीपुरता असतो, सगळ्यांसमोर असतो, आणि का लावला ते सांगता येते. जो हात उडी संपल्यावरही राहतो, आडोशाला लागतो, ज्याबद्दल "घरी सांगू नकोस" असे बजावले जाते, तो आधार नव्हे. हे मुलींना सांगा, तसेच मुलग्यांनाही सांगा.

अमेरिकेत काय घडले ते जगाला माहीत आहे. तिथल्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर उपचाराच्या नावाखाली वर्षानुवर्षे मुलींचे शोषण करत राहिला. २०१६ मध्ये वृत्तपत्रातून प्रकरण बाहेर आले. जानेवारी २०१८ मध्ये मिशिगनच्या न्यायालयात दीडशेहून अधिक जणींनी आपली कहाणी सांगितली आणि त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. यातल्या दोन गोष्टी प्रत्येक पालकाने लक्षात ठेवाव्यात. काही वेळा आई-वडील त्याच खोलीत होते, तरी त्यांना कळले नाही, कारण समोरचा माणूस नामवंत होता आणि त्यांचा विश्वास होता. आणि काही मुलींनी कितीतरी आधी मोठ्यांना सांगितले होते. मोठ्यांनी ऐकले नाही. संघाची शिबिरे टेक्सासमधल्या ज्या आडबाजूच्या ठिकाणी भरत, तिथे पालकांना प्रवेश नव्हता.

ब्रिटनमध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या व्हाइट अहवालासमोर ४०० हून अधिक निवेदने आली. त्यांत लैंगिक शोषणापेक्षाही रोजच्या छळाच्या तक्रारी जास्त होत्या: दुखापत असताना सराव, वजनावरून अपमान, शरीर बळजबरीने ताणणे. हे परदेशातले आहे म्हणून आपल्याला लागू नाही, असे समजू नये. जिथे पदकासाठी मुलाने गप्प राहावे अशी अपेक्षा असते, तिथे हे कुठेही घडू शकते.

म्हणून केंद्रात काही नियम आहेत का ते विचारा. मुलाबरोबर बंद खोलीत एकटे कोणी बसत नाही ना? मालिश किंवा फिजिओथेरपी आईसमोर होते ना? प्रशिक्षक मुलाला थेट मोबाइलवर संदेश पाठवतो, की पालकांच्या गटावर? बाहेरगावच्या स्पर्धेला मुलींबरोबर महिला व्यवस्थापक असते का, मुक्कामाच्या खोल्या कशा वाटतात? हे प्रश्न विचारल्यावर जो प्रशिक्षक रागावतो, त्याच्याकडे मूल पाठवू नका. चांगल्या माणसाला हे नियम आवडतात, कारण ते त्यालाही खोट्या आरोपापासून वाचवतात.

आणि काही घडलेच, तर झाकू नका. इज्जत मुलाच्या गप्प बसण्याने वाचत नाही. २०१२ चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांनाही संरक्षण देतो. गुन्ह्याची माहिती असूनही न कळवणे हा त्या कायद्याने स्वतंत्र गुन्हा आहे. चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक १०९८ घरातल्या सर्वांना पाठ असावा.

तास, हाडे आणि जेवण

एका खेळाच्या सरावाचे आठवड्यातले तास मुलाच्या वयाच्या वर्षांपेक्षा जास्त नसावेत, असा सोपा ठोकताळा क्रीडावैद्यकातले तज्ज्ञ सांगतात. सात वर्षांच्या मुलीला सहा दिवस तीन-तीन तास, म्हणजे अठरा तास कोणी सांगत असेल, तर हिशेब तुम्हीच करा. मोठ्या पातळीवरच्या खेळाडू याहून जास्त वेळ देतात, हे खरे, पण त्या तिथे पायरीपायरीने पोहोचलेल्या असतात. आठवड्यात निदान एक पूर्ण सुट्टी हवीच.

वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कुर्चा असते, तिथूनच हाड लांब होते. हातांवर वारंवार भार आला की मनगटाच्या त्या भागाला इजा होते. सतत मागे वाकून कमान टाकल्याने कमरेच्या मणक्याला चीर जाऊ शकते. म्हणून मनगट किंवा कंबर दोन आठवड्यांहून जास्त दुखत असेल, तर तेल चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती केंद्र पाळते का, ही त्या केंद्राची खरी परीक्षा आहे.

जेवणाचेही तसेच. "वजन कमी करा" असे आठ-दहा वर्षांच्या मुलीला सांगणारे केंद्र टाळा. सराव वाढला की भूक वाढते आणि ती भागलीच पाहिजे. डाळ, अंडी, दूध, गोश्त, भाकरी, भाजी, फळे हे घरचे जेवण पुरते. डबे आणि पावडरींची गरज नसते. कमी खाऊन जास्त सराव केला की हाडे कमकुवत होतात, पाळी लांबते. पंधरा पूर्ण झाली तरी पाळी आली नसेल तर "खेळाडूंचे असेच असते" म्हणून सोडू नका, डॉक्टरांना विचारा.

पोशाख, रोजे आणि आपले घर

पोशाखाचा विषय प्रवेशाआधीच मोकळेपणाने काढा. सरावात अंगाला बसणारा टी-शर्ट आणि लेगिंग बहुतेक ठिकाणी चालते. कपडे ढगळ नकोत, ते बारमध्ये अडकतात. स्पर्धेतही पाय घोट्यापर्यंत झाकणारा पोशाख आंतरराष्ट्रीय नियमांना मान्य आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या मुली तोच घालून उतरल्या होत्या. मलेशियाच्या फराह ॲन अब्दुल हादीच्या पोशाखावर २०१५ मध्ये टीका झाली, तेव्हा ती सिंगापूरच्या स्पर्धेतून सहा पदके घेऊन आली होती. पुढे ती टोकियो ऑलिंपिकलाही गेली. घराने काय ठरवावे ते घराने ठरवावे. पण ते आधी ठरवावे. सात वर्षांची असताना टाळ्या वाजवायच्या आणि बाराव्या वर्षी, पहिल्या मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर, अचानक घरी बसवायचे, हे मुलीवर अन्याय करणारे आहे. डोके झाकायचे असेल तर स्पर्धेच्या आयोजकांना आधीच लेखी विचारा. टाचण्या, बांगड्या, कानातले आणि गळ्यातला ताईत मात्र सरावाआधी काढावाच लागतो. तो उडीत अडकला तर गळ्याला फास बसतो.

लहान मुलांवर रोजे फर्ज नाहीत, तरी अनेक मुले हौसेने ठेवतात. त्या दिवसांत सराव हलका ठेवावा आणि नवी, जोखमीची उडी शिकवू नये. शरीरात पाणी कमी असले की लक्ष आणि पकड दोन्ही ढिली होतात. इफ्तारनंतरची वेळ मिळेल का, ते प्रशिक्षकाला विचारा. समजूतदार वस्ताद महिनाभराचे वेळापत्रक आनंदाने बदलून देतो.

खर्च आणि कागद

महिन्याची फी हा खर्चाचा एक भाग झाला. पोशाख, नोंदणी, स्पर्धेची प्रवेश फी, प्रवास, मुक्काम, आणि रोज ने-आण करणाऱ्या आईचे किंवा अब्बांचे तास, हे सगळे एका कागदावर मांडा. वर्षभराची फी आगाऊ भरू नका, आधी तीन महिन्यांची भरा. जिल्हा क्रीडा संकुलात जिम्नॅस्टिक्सचा हॉल असेल तर तिथली फी बहुधा कमी असते, तिथे आधी चौकशी करा. घरातल्या इतर मुलांच्या शिक्षणाला धक्का लावून एकाच्या पदकामागे धावू नये.

प्रमाणपत्रांबाबतही सावध राहा. राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत आहे. त्यामुळे बनावट प्रमाणपत्रांचा धंदाही झाला आणि अशी प्रकरणे पोलिसांपर्यंत गेली. ज्या स्पर्धेला मूल नेतात ती मान्यताप्राप्त संघटनेची आहे का, याची खात्री जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात होते. शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. शाळेमार्फत त्यांत उतरणे हा सरळ मार्ग आहे.

थांबण्याची मुभा

इतके पाहून केंद्र निवडले, तरी काम संपत नाही. दर तीन-चार महिन्यांनी मुलाला एकटे घेऊन बसा आणि विचारा, "तुला जायला आवडते का? तिथे कशाची भीती वाटते?" त्याने उत्तर दिले की समजावू नका, आधी ऐका. एक दिवस कंटाळा आला म्हणून खेळ सोडू देऊ नये, हे खरे. पण जे मूल सरावाच्या वेळी रोज पोटदुखी काढते, रात्री दचकून उठते, अंथरूण ओले करू लागते, ते कंटाळलेले नाही. ते काहीतरी सांगते आहे.

आपल्यापैकी फार थोड्यांची मुले देशासाठी खेळतील. बाकीच्यांना सरळ पाठ, मजबूत मनगट, पडून उठण्याची सवय आणि वेळेची शिस्त मिळाली, तरी पैसे वसूल झाले समजा. मूल ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे, आणि काही तासांसाठी ती आपण दुसऱ्याच्या हाती देतो. म्हणून निवड करताना शेवटी दोनच प्रश्न विचारा. या हॉलचे दार माझ्यासाठी उघडे आहे का? आणि माझे मूल "नाही" म्हणाले, तर इथे कोणी थांबते का? दोन्हींचे उत्तर होय असेल, तर पदक मिळो न मिळो, निर्धास्त मनाने पाठवा.